छत्तीसचा आकडा: गणितातला गाजलेला प्रश्न घरच्या माणसाला कसा समजावायचा

आत्या पत्त्यांत पटाईत. बदाम सात खेळताना किलवरची सत्ती दाबून ठेवून समोरच्याला रडकुंडीला आणण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नाही. गणिताशी मात्र दहावीनंतर तिचं बोलणंच बंद. गेल्या मे महिन्यात एका दुपारी लाइट गेले होते. मी कॅटमधून चार एक्के, चार राजे, चार राण्या आणि चार गुलाम काढून तिच्यापुढे टाकले. म्हटलं, "आत्या, ही सोळा पानं चार बाय चारच्या चौकोनात लाव. कुठल्याही आडव्या ओळीत, कुठल्याही उभ्या ओळीत एकाच रंगाची दोन पानं नकोत आणि एकाच नावाचीही दोन नकोत."

"अगं, रंग मुळात दोनच. चारांत दोन लाल येणारच की!"

चूक माझी होती. मला रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असं म्हणायचं होतं, तिनं लाल आणि काळा धरला. प्रश्न सांगून अर्धं मिनिट झालं नव्हतं आणि तो अशक्य करून ठेवला होता मीच. पुन्हा नीट सांगितल्यावर तिनं चष्मा लावला, दोनदा सगळं मोडलं, आणि साधारण अर्ध्या तासानं म्हणाली, "झालं बघ." झालंही होतं.

गणितातले गाजलेले प्रश्न सर्वसामान्य वाचकाला कसे सांगावेत, याबद्दल मला जे काही कळलंय ते बरंचसं अशा दुपारींमधून कळलंय. इथे ते एकाच प्रश्नाच्या आधारानं मांडते. हा प्रश्न गणितज्ञ लेओनार्ड ऑयलरचा आहे, छापून आला १७८२ साली, आणि तो आहे छत्तीस लष्करी अधिकाऱ्यांचा. सहा पलटणी, प्रत्येक पलटणीतून सहा हुद्द्यांचा एकेक अधिकारी. हे छत्तीस जण सहा बाय सहाच्या चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत सहाही पलटणी दिसाव्यात आणि सहाही हुद्दे दिसावेत. आत्याचा पत्त्यांचा डाव हे त्याचंच धाकटं भावंड.

प्रश्न निवडताना

गाजलेला प्रश्न आणि सांगण्याजोगा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीमानचं गृहीतक सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून लिहिणारे आधी त्याच्याकडे धावतात. पण तो प्रश्न नुसता विचारायलाच सदसत् (कॉम्प्लेक्स) संख्या लागतात, अनंत श्रेणी लागतात, आणि श्रेणी जिथे बेरजेला येत नाही तिथेही तिला अर्थ कसा द्यायचा हे लागतं. दोन हजार शब्दांत हे होत नाही. मग लेखात उरतं काय? दहा लाख डॉलरचं बक्षीस. वाचकाला बक्षीस कळतं, प्रश्न कळत नाही.

माझी कसोटी साधी आहे: वाचकाला हातानं काहीतरी करता आलं पाहिजे, आणि तेही पहिल्या पाच मिनिटांत. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ या कसोटीला शंभर टक्के उतरतो. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि येईल त्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढे गाडी हलत नाही. कुठूनही निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत इथेच येता. चहा निवायच्या आत होतं.

पण यातही एक खाच आहे. 'कुठूनही' लिहिलंत की पहिला वाचक ११११ घेणार. अंक सगळे सारखे असले तर उत्तर शून्य येतं, तेव्हा तो अपवाद आधीच सांगून टाकायचा. दुसरा वाचक २१११ घेतो, त्याला ९९९ मिळतात आणि तो म्हणतो, आता तीनच अंक उरले, पुढे काय? तिथे ०९९९ धरायचं असतं. या दोन वाक्यांवाचून अख्खा लेख खोटा ठरतो, निदान त्या दोघांपुरता तरी.

फर्माचं प्रमेय मधल्या जातीचं. विधान शाळकरी मुलालाही कळतं: ३, ४, ५ किंवा ५, १२, १३ यांच्या वर्गांचं जसं जुळतं, तसं घनांचं किंवा त्यावरच्या कुठल्याही घातांचं धन पूर्णांकांत कधीच जुळत नाही. सिद्धता मात्र कळणारी नाही. अशा वेळी विधान मनापासून सांगावं, हातानं वर्ग जुळवून दाखवावेत आणि सिद्धतेच्या दारापाशी सरळ थांबावं. अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ मध्ये केंब्रिजला सिद्धता जाहीर केली, तपासणीत तिच्यात भगदाड सापडलं, रिचर्ड टेलर यांच्या मदतीनं १९९४ मध्ये ते बुजवलं आणि १९९५ मध्ये सगळं छापून आलं. ही हकीकत सांगा. 'लंबवर्तुळाकार वक्र' हे दोन शब्द फेकून वाचकाला काही समजल्याचा भास देऊ नका.

अट तोलून मापून सांगा

आत्याच्या 'रंगा'चा प्रसंग वर आलाच. गणिताचा प्रश्न म्हणजे त्याच्या अटी, दुसरं काही नाही. अट लिहून झाली की स्वतःला विचारायचं: हे वाक्य मुद्दाम वाकडं वाचायचं म्हटलं तर कसं वाचता येईल? वाचक मुद्दाम तसं वाचत नाही, पण त्याच्या डोक्यात शब्दाचा रोजचा अर्थ आधी येतो. रंग, ओळ, संच, सम, फरक, सगळे घरातले शब्द आहेत आणि सगळे दगा देऊ शकतात.

मी आता अट सांगतानाच उत्तराचा एक नमुनाही दाखवते. सोळा पानांची एक मांडणी ही:

इस्पिक एक्का, बदाम राजा, चौकट राणी, किलवर गुलाम
बदाम राणी, इस्पिक गुलाम, किलवर एक्का, चौकट राजा
चौकट गुलाम, किलवर राणी, इस्पिक राजा, बदाम एक्का
किलवर राजा, चौकट एक्का, बदाम गुलाम, इस्पिक राणी

पानं खरोखर मांडून बघा. डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारा कर्ण पाहिलात तर त्यात चारही पानं इस्पिक आहेत. चाणाक्ष वाचक लगेच बोट ठेवतो, "हे कसं चालतं?" चालतं, कारण अट आडव्या आणि उभ्या ओळींची आहे, कर्णाची नाही. असा प्रश्न वाचकाच्या मनात उठावा म्हणून मी हाच नमुना ठेवते. अट कुठे संपते, हे त्याला स्वतःच्या शंकेतून कळतं.

कर्णांवरही तीच अट घातली तर? तसंही जमतं. पण ते वाचकाला करू द्या, तुम्ही उत्तर देऊ नका.

सगळ्यात लहान रूपापासून सुरुवात

छत्तीस अधिकारी एकदम समोर आणले तर वाचक गर्दीलाच घाबरतो. प्रश्न लहान करत न्या, अगदी हास्यास्पद वाटेल इतका. दोन पलटणी, दोन हुद्दे, चार अधिकारी. पलटणींना क आणि ख म्हणू, हुद्द्यांना १ आणि २. उभे करायचेत दोन बाय दोनमध्ये.

क१ ला डावीकडे वरच्या कोपऱ्यात ठेवा. क२ कुठे जाईल? क१ च्या शेजारी नाही, कारण आडव्या ओळीत दोन क होतील. खालीही नाही, कारण उभ्या ओळीत दोन क होतील. उरला समोरचा तिरका कोपरा. आता ख१ घ्या. तोही क१ च्या शेजारी किंवा खाली बसत नाही, कारण दोन १ होतील. त्यालाही तोच तिरका कोपरा हवा. एक जागा, दोन उमेदवार. संपलं.

ही सिद्धता आहे. पूर्ण, चोख, कोणीही मोडू शकणार नाही अशी. वाचकाला हे ठासून सांगायचं की तुम्ही आत्ता वाचलंत ती 'अशक्य' असल्याची सिद्धता होती, समजावण्यासाठी केलेली सोपी आवृत्ती नव्हे. बहुतेक लोकांनी आयुष्यात अशी सिद्धता कधी पाहिलेली नसते. त्यांच्या मनात 'अशक्य' म्हणजे 'फार अवघड'. दोन बाय दोनच्या या चार ओळींत तो गैरसमज जातो, आणि पुढे सहाचा प्रसंग आला की त्याचं महत्त्व कळतं.

तीनचं जमतं. पहिली ओळ क१ ख२ ग३, दुसरी ख३ ग१ क२, तिसरी ग२ क३ ख१. इथे घाई न करता एक गोष्ट दाखवायची. अक्षरांकडे बघा: क ख ग, मग ख ग क, मग ग क ख. प्रत्येक ओळीत अक्षरं एकेक घर डावीकडे सरकलीत. आकड्यांकडे बघा: १ २ ३, मग ३ १ २, मग २ ३ १. आकडे दोन-दोन घरं डावीकडे सरकलेत. पुढे याच युक्तीवर सगळं उभं राहतं.

पाचलाही हीच युक्ती लागू पडते, सातलाही, कुठल्याही विषम संख्येला. अक्षरं एक घर, आकडे दोन घरं. वाचकाला कागदावर पाचचा चौकोन भरायला सांगा. पंचवीस घरं, दहा मिनिटं, आणि शेवटी एकही जोडी दोनदा आलेली नसते. मला विचाराल तर लेखातला सगळ्यात आनंदाचा क्षण हा आहे, तो वाचकाच्या वाट्याला येऊ द्यावा.

आता सहा. अक्षरं एकेक घर सरकवा, ठीक. आकडे दोन-दोन घरं सरकवा. दुसऱ्या ओळीत दोन, तिसरीत चार, चौथीत सहा घरं. सहा घरं सरकणं म्हणजे पुन्हा होतं तिथेच. चौथी ओळ पहिलीसारखी झाली, प्रत्येक उभ्या ओळीत आकडा दोनदा आला. बरं, दोनऐवजी पाच घरं सरकवू. उभ्या ओळी नीट येतात, पण चौथ्या ओळीत पहिल्या ओळीतल्याच जोड्या परत येतात: क१ दोनदा, ख२ दोनदा. तीन आणि चार घरांनी सरकवून बघा, तिथेही उभ्या ओळीच फसतात.

'सापडलं नाही' आणि 'असूच शकत नाही'

इथे वाचक म्हणतो, म्हणजे सहाचं अशक्य. आणि इथेच लिहिणाऱ्यानं त्याचा हात धरायचा. काय सिद्ध झालं? एवढंच की सरकवायची युक्ती सहाला चालत नाही. चारलाही ती चालत नाही, तरी आत्यानं चारचं करून दाखवलं. पत्त्यांची वरची मांडणी बघा, त्यात सरकवणं नाहीच, जोड्याजोड्यांची अदलाबदल आहे. एक वाट बंद म्हणजे गाव नाही असं होत नाही.

मला वाटतं, गणितावर लिहिणाऱ्यानं दुसरं काही नाही सांगितलं तरी चालेल, हा फरक मात्र सांगावाच. 'आम्ही पुष्कळ शोधलं, सापडलं नाही' हे एक वाक्य आणि 'असं काही असूच शकत नाही' हे दुसरं. बातम्यांमध्ये दोन्ही एकाच दमात येतात. गोल्डबाखची अटकळ घ्या: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते. संगणकानं ती ४ वर अठरा शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासली आहे, एकदाही चुकलेली नाही. तरी ती सिद्ध झालेली नाही, आणि ती 'सिद्ध झाल्यातच जमा' असं लिहिणं चूक आहे. का चूक आहे, ते या छत्तीस अधिकाऱ्यांनीच पुढे दाखवलं.

सहाचं खरोखरच अशक्य आहे. ते सिद्ध केलं गास्तों तारी यानं, १९०० च्या सुमाराला. हा माणूस अल्जीरियात फ्रेंच सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होता, गणित हा त्याचा छंद. एकाच चिन्हसंचानं, म्हणजे नुसत्या पलटणींनी किंवा नुसत्या हुद्द्यांनी, सहा बाय सहाचा चौकोन भरायचे, कुठल्याही ओळीत काही दोनदा न येता, ८१ कोटी २८ लाख ५१ हजार २०० प्रकार आहेत. एवढे हातानं तपासणं शक्य नाही. पण आडवी अख्खी ओळ उचलून दुसरीच्या जागी ठेवली तर अट मोडत नाही, आणि उभ्या ओळींचंही तसंच. तेव्हा कुठलाही चौकोन असा फिरवून घेता येतो की त्याची पहिली आडवी आणि पहिली उभी ओळ क्रमानं १ ते ६ वाचली जाईल. असे फक्त ९,४०८ उरतात. (९,४०८ गुणिले ८६,४०० केलं की ते ८१ कोटी येतात. दिवसात सेकंदही ८६,४०० च. निव्वळ योगायोग, पण वाचकाला आवडतो.) तारीनं त्यांचीही कुळं पाडली आणि एकेक कूळ निकालात काढलं. कुणालाच जोडीदार मिळाला नाही, म्हणजे एकावर एक ठेवले की प्रत्येक जोडी एकदाच यावी असा दुसरा चौकोन.

मराठीत तुमचं-माझं पटत नसेल तर आपण छत्तीसचा आकडा म्हणतो, ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसतात म्हणून. या छत्तीस अधिकाऱ्यांचं खरंच आपसात पटत नाही. ही कोटी मी प्रत्येक वेळी करते आणि प्रत्येक वेळी घरचे डोळे फिरवतात.

माणसं कधी आणायची

नवशिके लेखक पहिल्याच परिच्छेदात ऑयलरचा जन्म, गाव, मुलंबाळं, अंधत्व सगळं आणतात. वाचकाला अजून प्रश्नच माहीत नाही, तर हा मनुष्य कोण होता याचं त्याला काय? आधी प्रश्न अंगवळणी पडू द्या. माणूस तेव्हा आणा जेव्हा त्याच्या एखाद्या निर्णयावर गोष्ट वळते.

ऑयलरच्या बाबतीत तो निर्णय असा. विषम संख्यांचं त्याला जमलं, ४ च्या पटीतल्या संख्यांचंही जमलं. राहिल्या २, ६, १०, १४, १८ अशा, चारनं भागून दोन उरणाऱ्या. दोनचं अशक्य होतं, सहाचं त्याला सापडत नव्हतं. त्यावरून त्यानं अटकळ बांधली की या सगळ्याच अशक्य असणार. तेव्हा त्याला जवळजवळ दिसत नव्हतं, हे सांगायची जागा आता आली: हे चौकोन त्यानं मुख्यतः डोक्यातच भरले असणार.

वाचकाला इथे एक मिनिट थांबवा आणि विचारा, तुम्ही असता तर? दोन अशक्य, सहा अशक्य. दहा?

ही अटकळ १७७ वर्षं टिकली. १९५९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या राजचंद्र बोस आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी २२ बाय २२ चा चौकोन भरून दाखवला. २२ म्हणजे चारनं भागून दोन उरणारी संख्या, ऑयलरच्या मते अशक्य. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा भरला. मग तिघांनी मिळून दाखवलं की २ आणि ६ सोडले तर अशा सगळ्याच संख्यांचं जमतं. म्हणजे ऑयलर त्या दोन ठिकाणी बरोबर, आणि उरलेल्या अगणित ठिकाणी चूक. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सनं ही बातमी पहिल्या पानावर छापली. तिघांना 'ऑयलरचा डाव उधळणारे' असं नाव पडलं.

श्रीखंडे मराठी, जन्म १९१७ चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. पुढे ते मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि एप्रिल २०२० मध्ये, १०२ वर्षांचे असताना गेले. हे मी मराठी वाचकाला सांगतेच, पण या ठिकाणी, दोन वाक्यांत. लेखाच्या मथळ्यात 'मराठी माणसानं ऑयलरला हरवलं' असं लिहिलं की वाचक छाती फुगवतो आणि चौकोन वाचतच नाही. शिवाय काम तिघांचं आहे, तिघांची नावं द्यावीत.

गोल्डबाखकडे परत जा. दोन अशक्य, सहा अशक्य, आणि लगेच पुढच्याच पायरीला, दहाला, सगळं फिरलं. मोजक्या उदाहरणांवर विश्वास का ठेवायचा नाही, हे यापेक्षा कुठलाही उपदेश चांगलं सांगत नाही.

शब्द कुठले वापरायचे

या विषयाचं शास्त्रीय नाव परस्परलंब लॅटिन चौकोन. लेखात ते एकदा येऊ द्या, म्हणजे कुणाला शोधायचं असेल तर सापडेल, आणि मग विसरून जा. मी 'जोडीचे चौकोन' म्हणते. एक चौकोन अक्षरांचा, एक आकड्यांचा, एकावर एक ठेवले की प्रत्येक जोडी एकदाच. 'रेजिमेंट' आणि 'रँक'पेक्षा पलटण आणि हुद्दा कानाला जवळचे. 'रो' आणि 'कॉलम' मात्र तरुण वाचकाला स्तंभ आणि पंक्तीपेक्षा सोपे जातात. मी आडवी ओळ, उभी ओळ लिहिते, कुणाचीच अडचण होत नाही.

तीन शब्दांची मात्र सरमिसळ करू नका: अटकळ, प्रमेय, सिद्धता. अटकळ म्हणजे खरी वाटते पण सिद्ध नाही. प्रमेय म्हणजे सिद्ध झालेलं. ऑयलरनं 'प्रमेय मांडलं' असं लिहिलंत तर १९५९ ला काय झालं ते वाचकाला कळणारच नाही, कारण प्रमेय मोडत नाही.

दाखले बेतानं. आमच्या सोसायटीतल्या एका हौशी गृहस्थांनी हाच प्रश्न लग्नाच्या पंगतीवर बसवला होता: कुठल्या नातेवाईकाला कुठे बसवायचं वगैरे. हसायला छान आलं. पण पंगतीला उभ्या ओळी नसतात, समोरासमोर बसणं असतं, आणि पाच मिनिटांत ऐकणारे 'समोर चालेल का?' यावर अडकले. दाखल्यात मूळ प्रश्नातली प्रत्येक अट असली पाहिजे आणि जास्तीची एकही नसली पाहिजे. पत्ते या दोन्हींना पुरतात. त्यांचं एकच उणं म्हणजे पलटणी चारच, त्यामुळे सहाला कागदाच्या चिठ्ठ्या कराव्या लागतात.

"पण याचा उपयोग काय?"

हा प्रश्न येणार. मी चिडत असे, आता चिडत नाही. सगळ्या प्रश्नांना उपयोग असतोच असं भासवू नका. कापरेकरांच्या ६१७४ चा उपयोग गंमत, आणि तेवढं पुरे. पण या चौकोनांचा खराखुरा उपयोग आहे, आणि तो शेतात आहे.

समजा गव्हाचे पाच वाण आणि पाच खतं तपासायची आहेत. शेताची जमीन सगळीकडे सारखी नसते, एका बाजूला काळी, दुसरीकडे मुरमाड, वर पाणी कमी, खाली ओल जास्त. एका वाणाला सगळी चांगली जमीन मिळाली तर तोच जिंकणार. म्हणून शेताचे पंचवीस वाफे करायचे आणि पाचचा जोडीचा चौकोन त्यावर अंथरायचा: अक्षर म्हणजे वाण, आकडा म्हणजे खत. प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या आणि उभ्या पट्ट्यात एकदाच येतो, आणि प्रत्येक खताशी एकदाच जोडला जातो. जमिनीचा पक्षपात बराचसा आपोआप फिटतो. कृषी पदवीच्या संख्याशास्त्रात लॅटिन चौकोनाचा आराखडा आजही शिकवतात. बोस आणि श्रीखंडे या प्रश्नाकडे आले ते अशा प्रयोगांच्या आराखड्यांच्या अभ्यासातूनच. घरात कुणी ॲग्रीला असेल तर त्याला विचारा, तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल.

लेख कुणाला तरी वाचून दाखवा

छापण्याआधी एका माणसाला, गणिताशी फटकून असणाऱ्या, मोठ्यानं वाचून दाखवा. समोर कागद-पेन्सिल ठेवा. तो कुठे पेन्सिल उचलतो ते बघा. एकदाही उचलली नाही तर लेखात करण्याजोगं काही नाही. 'हं, हं' कुठे सुरू होतं तेही बघा. 'हं, हं' म्हणजे सुटलं. तिथली दोन वाक्यं काढून त्या जागी उदाहरण घाला.

शेवटी त्याला विचारा, "काय सिद्ध झालं, सांग." 'समजलं का' असं कधीच विचारू नका, आपल्याकडे त्याचं उत्तर मान डोलावूनच येतं. आत्याला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सहाचं होत नाही हे त्या फ्रेंच माणसानं दाखवलं, आणि दहाचं होतं हे श्रीखंड्यांनी आणि दोघांनी." हुद्द्यांचं नाव ती विसरली, पलटणींना टोळ्या म्हणाली. चालतं.

ताज्या बातम्यांशी जोडायचा मोह झाला तर जपून. २०२२ मध्ये आयआयटी मद्रास आणि पोलंडमधल्या संशोधकांनी याच छत्तीस अधिकाऱ्यांची पुंज भौतिकीतली (क्वांटम फिजिक्समधली) आवृत्ती सोडवली, आणि काही ठिकाणी मथळा आला की ऑयलरचा प्रश्न सुटला. ऑयलरचा प्रश्न तारीनंच संपवला होता, उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते आजही 'नाही'च आहे. पुंज आवृत्तीत एकाच अधिकाऱ्यात अनेक हुद्दे आणि पलटणी मिसळायची मुभा असते, तो वेगळाच खेळ आहे.

लेख कुठे थांबवायचा? जिथे गणितज्ञही थांबलेत तिथे. दहा बाय दहाचे दोन जोडीचे चौकोन आहेत, हे १९५९ ला कळलं. असे तीन असू शकतील का, की तिघांपैकी कुठलेही दोन एकावर एक ठेवले तरी प्रत्येक जोडी एकदाच यावी? कुणालाच माहीत नाही. आत्याला हे सांगितलं तर तिनं पत्ते गोळा करता करता विचारलं, "आणि चारचे तीन होतात का गं?"

होतात. तिला अजून सांगितलेलं नाही.